बचत गटाचं बँक कर्ज: सगळ्यांना सारखं वाटायचं की गरजेप्रमाणे?

कोरडवाहू

धाराशिव जिल्ह्यातल्या एका गटाचा प्रश्न आहे. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला गट, १२ सभासद, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत. १४ महिने झाले, बैठक एकदाही चुकलेली नाही. बचत ३३,६०० रुपये, अभियानाकडून फिरता निधी मिळाला तो ३०,००० आणि आपसातल्या कर्जाचं व्याज साधारण ४,४००. म्हणजे गटाचे स्वतःचे ६८,००० रुपये. बँक म्हणते पहिलं कर्ज दीड लाख देऊ.

आता गटात दोन तट पडलेत. निम्म्या म्हणतात, दीड लाखाचे बारा वाटे करा, प्रत्येकीला १२,५००. जबाबदारी सारखी, भांडण नाही. बाकीच्या म्हणतात, १२,५०० मध्ये ना धड शेळ्या येतात ना दुकान उभं राहतं, पैसे घरखर्चात जातील आणि हप्ता मात्र तीन वर्षं मानगुटीवर बसेल. शिवाय तिघींकडे मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज आधीपासून आहे. पाच वर्षांनी या गटाला कुणापुढे हात पसरावा लागू नये, हे डोळ्यांपुढे ठेवून सांगा. नुसतं तत्त्व नको, आकडे द्या.

खातेवही

वाटप नंतर बघू, आधी रक्कम दुरुस्त करू. दीड लाख हा किमान आकडा आहे, कमाल नाही. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात पहिल्या कर्जासाठी लिहिलंय: गटाच्या स्वनिधीच्या ६ पट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. स्वनिधीत बचत, व्याजाचं उत्पन्न आणि फिरता निधी तिन्ही धरायचे. ६८,००० च्या ६ पट म्हणजे ४,०८,०००. बऱ्याच शाखांमध्ये फिरता निधी वगळून नुसती बचत मोजतात, तिथंच गट मार खातो.

आणखी एक. १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे. "आधी २५ हजारांची मुदत ठेव करा, मग कर्ज" असं कुणी म्हणालं तर बँक सखीला (बँकेच्या कामात गटांना मदत करणारी ताई) बरोबर घेऊन जा आणि ते लेखी द्या म्हणा.

बांधावरून

खातेवही, नियम बरोबर आहे, पण पहिल्याच दमात चार लाख? ४,०८,००० ला, सगळ्यावर ७ टक्के धरले तरी, ३६ महिने म्हणजे महिन्याला १२,६०० च्या आसपास हप्ता. डोईवर १,०५० रुपये. आज या बायका महिन्याला २०० भरतायत. २०० वरून एकदम १,२५० (बचत थांबणार नाहीच) आणि तेही कोरडवाहू भागात, जिथं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घरात फक्त खर्च असतो! मिळतंय म्हणून घेणं आणि झेपतंय म्हणून घेणं यात गटाचं जगणं-मरणं आहे.

खातेवही

मान्य. ४ लाख घ्या असं म्हटलं नाही, ४ लाखांपर्यंत हक्क आहे एवढंच सांगितलं. आकडा वरून ठरवायचाच नसतो. आधी प्रत्येकीची मागणी: काय करणार, किती लागतील, पैसा कोणत्या महिन्यात परत येईल. त्याची बेरीज म्हणजे गटाची मागणी. सूक्ष्म पतआराखडा म्हणतात तो हाच. दुर्दैवानं बहुतेक ठिकाणी सीआरपी ताई (गावात उमेदचं काम बघणाऱ्या) एका दुपारी बसून तो भरतात. बँकेला लागणारा कागद तयार होतो, गटाला लागणारा हिशेब होत नाही.

भुईमूग

समसमान वाटपाच्या बाजूनंही कुणीतरी बोललं पाहिजे. गरजेप्रमाणे म्हटलं की अध्यक्ष आणि सचिवाची गरज सगळ्यात मोठी निघते. जी बोलकी तिला ५०,०००, जी कोपऱ्यात बसते तिला ५,०००. बायका समान वाटे मागतात तेव्हा ते अडाणीपण नसतं, अविश्वासावरचा उपाय असतो.

खातेवही

भुईमूग, अगदी मुळावर बोट ठेवलंत. त्यावर चालणारी रीत अशी: मागण्या सगळ्यांसमोर वाचायच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या सगळ्यात शेवटी. पहिल्या फेरीत कुठलीच मागणी एकूण कर्जाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा मोठी नको. कर्ज घेतल्यावर १५ दिवसांत दोन सभासदांनी जाऊन वस्तू बघायची आणि इतिवृत्तात लिहायचं. शेळ्यांसाठी घेतलेल्या पैशातून दारात मोटारसायकल उभी राहिली तर ते दुसऱ्या आठवड्यात कळलं पाहिजे, दुसऱ्या वर्षी नाही.

शेरडं_करडं

शेळीवर लिहितो, कारण गटाच्या कर्जातला बराच पैसा शेळीत जातो आणि बरीच थकबाकीही तिथंच होते.

शेळी कॅलेंडर बघून वीत नाही. गाभणकाळ पाच महिन्यांचा. तीन महिन्यांची गाभण उस्मानाबादी घेतली तर दोन महिन्यांनी विते, जुळी होतात बऱ्याचदा. पण करडू विकण्याजोगं, १८-२० किलोचं व्हायला पुढे सहा-सात महिने. म्हणजे कर्ज उचलल्यापासून पहिला रुपया दिसायला आठ-नऊ महिने. बँकेचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. मग काय होतं? चौथ्या महिन्यात हप्त्यासाठी एक करडू अर्ध्या वजनात व्यापाऱ्याला जातं, सातव्या महिन्यात दुसरं, आणि वर्षाअखेर शेळी विकून कर्ज फिटतं. कागदावर परतफेड शंभर टक्के, दारात दावं रिकामं.

एका सभासदाला दोन-तीन गाभण शेळ्या, ३५,००० च्या आत. गोठ्यावर खर्च नको, पण जमीन कोरडी हवी. पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या रोगांची लस टोचून घ्या. लसीच्या आठवडाभर आधी एकदा जंतनाशक. गावात पशुसखी (जनावरांची निगा सांगणारी ताई) असेल तर ती सांगेलच. आणि विमा उतरवला की कानातला बिल्ला जपा. जनावर दगावलं तर बिल्ल्यासकट फोटो, त्याच दिवशी विमा कंपनीला खबर, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन. बिल्ला काढून ठेवला किंवा आधी पुरलं, तर दावा गेलाच समजा.

पाटपाणी

बकरी ईद धरून बोकड तयार केले तर भाव चांगला मिळतो, पण ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते हे खरेदीच्या वेळी मोजायला लागतं.

तिसरी_घंटा

त्या तिघींच्या कंपनीच्या कर्जाबद्दल. दर काढायची सवय लावा. ४०,००० कर्ज, २४ महिने, महिना २,११५ हप्ता. एकूण भरणा ५०,७६०, व्याज १०,७६०. लोक काय करतात? १०,७६० भागिले दोन वर्षं, म्हणजे ४०,००० वर साडेतेरा टक्के, "बरं आहे की!" नाही. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, म्हणून खरा दर २४ टक्के आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, त्यावर जीएसटी आणि विम्याचे पैसे आधीच कापून हातात ३९,००० च्या आत पडत असतील तर दर आणखी वर.

आपल्या गटातही हेच बघा. १०,००० रुपये, १० हप्ते, महिना शेकडा २ रुपये. शिल्लक मुद्दलावर व्याज लावलं तर १,१००. मूळ रकमेवर लावत राहिलात तर २,०००. दोन्हीला बायका "दोन टक्के" च म्हणतात.

भुईमूग

पण कंपनीवाले दारात येतात, आठवड्यात पैसे देतात. बँकेत एका सहीसाठी तीन चकरा आणि तीन दिवसांची मजुरी बुडते. तीही किंमतच आहे. ज्या बाईचा दवाखाना आज आहे तिनं २४ टक्क्यांनी घेतलं तर तिला नावं ठेवण्यात काय अर्थ?

तिसरी_घंटा

नावं बाईला नाहीत. आणि दवाखान्यासाठी कंपनीकडे जावं लागलं, याचा अर्थ गटाची स्वतःची बचत पुरेशी फिरत नव्हती. दवाखाना, बाळंतपण, शाळेची फी हे गटाच्या स्वनिधीतून त्याच दिवशी मिळालं पाहिजे, बचत गट त्यासाठीच असतो.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. कंपनीचा 'गट' म्हणजे एकमेकींना जामीन राहिलेल्या पाच-दहा बायका. त्यांची सामायिक बचत नाही, निधी नाही, व्याज सगळं बाहेर जातं. बचत गटात बँकेकडून ७ टक्क्यांनी आलेले पैसे सभासदाला १२ नं दिले, तर मधले ५ टक्के गटाच्याच पेटीत राहतात. नाव एक, पण हिशेब उलटे.

नियमही माहीत हवेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज ते मायक्रोफायनान्स. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही. २०१० साली आंध्रात एकेका घरावर चार-चार कंपन्यांची कर्जं चढली, वसुलीचा जाच झाला आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. आजचे नियम त्या वेदनेतून आलेत.

चुलीजवळ

शेळीवरून पापडावर येऊ का? कारण दुसरा पैसा तिथं बुडतो. गटाच्या पापडाचा हिशेब असा असतो: एक किलो उडदाचं पीठ १४०, पापडखार, मीठ, मिरी, हिंग, तेल मिळून ४५, पिशव्या आणि लेबल २५, वीज-वाहतूक २०. झाले २३०. २०० ग्रॅमची पाच पाकिटं, एक पडलं ४६ ला. छापील किंमत ६०, दुकानदार २० टक्के घेतो, हातात ४८. "पाकिटामागे दोन रुपये सुटले!"

आता लाटणावळ धरा. किलोला ७० म्हटलं तरी पाकिटामागे १४. म्हणजे ६० ला विकलेल्या प्रत्येक पाकिटात १२ रुपयांची बायकांची मजुरी फुकट गेली. खरी किंमत ६० पडते, छापील ८० ठेवली तर दुकानदाराचे १६ जाऊन ६४ हातात येतात आणि चार रुपये नफा. ८० ला विकलं जात नसेल तर पापड करूच नका, दुसरं काही करा. स्वतःची मजुरी शून्य धरून कुठलाही धंदा फायद्यात दिसतो.

मालाचंही बघा. किलोला पापडखार ३५-४० ग्रॅम, त्याहून जास्त झाला की पापड तळताना लाल पडतो आणि चव तुरट लागते. पीठ घट्ट भिजवून, तेलाचा हात लावून कुटलं नाही तर दोऱ्यानं लाटी कापताना कडा फाटतात. सावलीत सुकवून शेवटी ऊन. कडक उन्हात टाकले की पाकिटात चुरा होतो, ओलसर भरले की पंधरा दिवसांत बुरशी. पहिली ऑर्डर परत येते ती बहुतेक या ओलीमुळे.

अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी काढल्याशिवाय दुकानात ठेवू नका. नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, बॅच, तारीख, हिरवा ठिपका. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत सभासदामागे ४०,००० पर्यंत, गटाला जास्तीत जास्त ४ लाख बीजभांडवलाची तरतूद ठेवलेली आहे. कर्जाकडे वळण्याआधी प्रभागसंघात (गावोगावच्या गटांचा संघ) त्याची चौकशी करा.

पाटपाणी

चुलीजवळ ताई, 'लाटणावळ' हा शब्द ठरावात लिहायला लावला पाहिजे. शब्द आला की रक्कम येते.

बांधावरून

थोडं विषयांतर. हे सगळं सरकारी योजनेतून सुरू झालं असं नव्या पिढीला वाटतं. नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, तिथून बँक जोडणीची घडी बसली. महाराष्ट्रात 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ चं. त्याच साली मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकेचा पैसा गरीब बाईच्या हाती देता येतो हे त्या बायकांनी दाखवून दिलं. आणि म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक सभासद अंगठा उठवणाऱ्या म्हणून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. चेतना गाला सिन्हा आणि त्या बायकांनी साक्षरतेचे वर्ग चालवले आणि परवाना मिळवला. व्याज तोंडी काढता येणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

कोरडवाहू

इथले प्रतिसाद गटात वाचून दाखवले आणि पुन्हा मागण्या घेतल्या. जूनमध्ये उचल धरून यादी अशी:

दोघींना शेळ्या, प्रत्येकी ३५,०००. एकीला किराणा वाढवायला ४०,०००. एकीला शेवयाचं यंत्र १८,०००. एकीला शिलाई आणि पिको १५,०००. तिघींना बी-खतासाठी २०,००० प्रमाणे ६०,०००. एकीला सावकाराचं देणं फेडायला २५,०००. बेरीज २,२८,०००. उरलेल्या तिघींना आत्ता नको. तर अडीच लाख घ्यावेत आणि २२,००० अडीअडचणीला खात्यावर ठेवावेत, असं ठरतंय.

खातेवही

ते २२,००० उचलू नका. मुदत कर्जाचा पैसा खात्यावर पडून राहिला तरी व्याज चालूच. अडचणीसाठी तुमचे स्वतःचे ६८,००० आहेत की! २,३०,००० मागा. बँक कॅश क्रेडिट मर्यादा देत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं उचललेल्या पैशावरच व्याज. पण त्यात दुसरा खड्डा आहे: बहुतेक गट पूर्ण मर्यादा एकदाच उचलतात आणि खातं फिरवत नाहीत, दरमहाचं व्याजही भरत नाहीत. ९० दिवस तसंच गेलं की खातं थकीत.

आता हप्ता. २,३०,०००, ७ टक्के, ३६ महिने: महिना साधारण ७,१००. सभासदांना महिना शेकडा १ रुपयानं, शिल्लक मुद्दलावर द्या. पहिल्या महिन्याची वसुली बघा. किराणावाली मुद्दल २,००० आणि व्याज ४००. शिलाईवाली १,१५०. शेवयावाली १,१८०. सावकार फेडणारी १,२५०. शेळीवाल्या दोघी फक्त व्याज, ७००. बी-खतवाल्या तिघी फक्त व्याज, ६००. एकूण ७,२८०.

बँकेचा हप्ता निघाला आणि शेळीला हात लागला नाही! दर महिन्याला व्याज ५० रुपयांनी कमी होत जाईल. चार महिने वसुली पुरून उरते, पाचव्या महिन्यात २० रुपये कमी पडतात, तो नोव्हेंबर. तोवर सोयाबीन बाजारात गेलेलं असतं आणि ६०,००० परत येतात. बँक मुदत देईल याची वाट बघायला नको, गटानं आपल्या आतच मुदत तयार केली. समसमान वाटपात हे जमत नाही, कारण बाराही जणींचे पैसे एकाच वेळी अडकतात. भुईमूग, तुमच्या शंकेचं उत्तर मला या वेळापत्रकात दिसतं.

भुईमूग

पटलं. पण पाऊस नाही पडला तर?

खातेवही

तर ६०,००० ला तीन-चार महिने उशीर होईल. तोवर सगळी मिळून काही शे रुपयांची तूट, ती स्वनिधीतून भरायची. म्हणून जूनमध्ये स्वनिधीतले निदान २०,००० हात न लावता ठेवा. सोयाबीनचे पैसे आले की मात्र सगळे बँकेत भरून टाकू नका. हरभऱ्याच्या बियाण्याला आणि राहिलेल्या तिघींना द्या. हप्ता वेळेवर गेला की व्याजात ३ टक्क्यांची सवलत मिळते, ती गटाच्या खात्यावर जमा होते की नाही हे वर्षातून दोनदा पासबुकात तपासा.

तिसरी_घंटा

त्या तिघी कंपनीवाल्या कोण आहेत यादीत?

कोरडवाहू

एक शेळीवाली, दोघी बी-खतवाल्या. हप्ते महिन्याला साधारण दोन-दोन हजारांचे चालू आहेत.

तिसरी_घंटा

मग शेळीवालीचा हिशेब पुन्हा मांडा. तिचं कंपनीचं मुद्दल किती उरलंय ते पासबुकात बघा. ८-१० हजार असेल तर आधी गटाच्या स्वनिधीतून ते फेडा, मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. महिना दोन हजारांचा हप्ता थांबला तर शेळी टिकेल. ३० हजार उरलं असेल तर यंदा शेळी नकोच, पुढच्या कर्जात. कंपनीचा हप्ता चालू असताना करडू तिसऱ्या महिन्यात विकलं जातं. आणि कर्ज घेणाऱ्या सगळ्यांचा, ज्यांचं वय ५० च्या आत आहे त्यांचा, जीवनज्योती विमा उतरवा. वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण. सभासदाच्या मृत्यूनंतर गटानं तिच्या लेकरांकडे हप्ता मागायची वेळ येऊ नये.

शेरडं_करडं

ठराव लिहिताना प्रत्येकीच्या नावापुढे रक्कम, कारण, हप्ता आणि हप्ता सुरू होण्याचा महिना असे चार रकाने आखा. बाराही जणींच्या सह्या, कर्ज न घेणाऱ्या तिघींच्यासुद्धा. शेळीवाल्या दोघींपुढे "पहिले ९ महिने फक्त व्याज" हे शब्द अक्षरी लिहा. चौथ्या महिन्यात किराणावाली विचारणारच, मी दोन हजार भरते आणि हिचे साडेतीनशेच का. तेव्हा वही उघडून दाखवता आली पाहिजे.

कोरडवाहू

शेळीवालीचं कंपनीचं मुद्दल ९,४०० निघालं. स्वनिधीतून फेडायचं ठरलं. मंगळवारच्या बैठकीत ठराव, चार रकान्यांसह.